जंबो बॅग बेताना: भरायला सोपी पिशवी कशी आखायची

जंबो बॅगची, म्हणजे टनभर सुटा माल भरायच्या विणलेल्या कापडी पिशवीची, ऑर्डर देताना बऱ्याच कारखान्यांत एकच ओळ लिहिली जाते: ९० × ९० × १२० सेंमी, १००० किलो, वर-खाली स्पाउट (नळीसारखे तोंड). पुरवठादार तेवढ्यावर पिशव्या शिवून देतो, त्या उचल-चाचणीत पासही होतात आणि पॅकिंगला आल्या की रडारड सुरू होते. ८०० किलोलाच पिशवी गळ्यापर्यंत येते, स्पाउटच्या कडेने धुरळा उडतो, भरलेली पिशवी एका अंगाला कलते. मग दोष मशिनवर जातो, ऑपरेटरवर जातो, नाहीतर पावसाळी हवेवर. यातले बरेचसे पिशवी बेततानाच ठरून गेलेले असते. अंगरखा बेतताना शिंपी आधी अंगाचे माप घेतो. पिशवीच्या बाबतीत ते अंग म्हणजे तुमचा माल आणि तुमच्या बॅगिंग मशिनचे तोंड. कॅटलॉगमधले माप नव्हे.

पुढची सगळी आकडेमोड मक्याच्या स्टार्चसाठी केली आहे. हा माल मुद्दाम निवडला. त्याचे कण सरासरी १५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तो हवा धरून ठेवतो, उडतो, आणि त्याची धूळ पेटूही शकते. स्टार्चची पिशवी साधली की साखर किंवा प्लास्टिकचे दाणे भरणे फारच सोपे वाटते.

घनता एक नाही, दोन

सरळ कडांचा, ३० सेंमी उंचीचा डबा घ्या. भरणी चालू असताना हॉपरच्या (माल सोडणाऱ्या नरसाळ्याच्या) खालून माल घ्या. गोदामात चार दिवस बसलेला माल चालणार नाही, त्यातली हवा निघून गेलेली असते. डब्यात माल हलक्या हाताने ओता, वरून पट्टी फिरवून सपाट करा आणि वजन करा. ही सैल घनता. मग तोच डबा रबरी मॅटवर आपटत राहा, पातळी खाली जायची थांबेपर्यंत. दोनशे-तीनशे ठोके लागतात, कंटाळा करू नका. स्टार्च सैल असताना लिटरला ०.५ किलो भरला आणि ठोकल्यावर ३० सेंमीची पातळी २३ सेंमीवर आली, तर बसलेली घनता ०.५ × ३० ÷ २३, म्हणजे जवळपास ०.६५.

या दोन आकड्यांतच सगळी गोम आहे. १००० किलो स्टार्चला सैल असताना २ घनमीटर जागा लागते आणि बसल्यावर १.५४. पिशवी बसलेल्या मालाच्या मापाची शिवली आणि भरताना माल बसवलाच नाही, तर साधारण पाऊण टनाच्या पुढे तोंडाशी माल येतो. सैल मालाच्या मापाची शिवली तर सगळा माल जातो खरा, पण ट्रक दोन-चार गतिरोधकांवरून गेला की पिशवीचा वरचा पाव भाग रिकामा होऊन लोंबतो आणि वर दुसरी पिशवी ठेवता येत नाही. त्यामुळे आधी ठरवायचे ते हे: भरताना व्हायब्रेटिंग टेबल (पिशवीखालचे कंप देणारे टेबल) वापरणार की नाही. वापरणार असाल तर बसलेल्या घनतेवर माप काढा. टेबल नसेल तर दोन्हींच्या मधला आकडा धरा आणि एका पिशवीत कमी किलो भरायची तयारी ठेवा. टेबल नाही, पण पिशवी लहान हवी आणि पूर्ण टनही हवा, असे तिन्ही एकदम होत नाही.

चौकोनी शिवली तरी गोल भरते

९० × ९० बुडाची साधी पिशवी भरली की पोट सुटून गोल होते. परीघ तोच राहतो, ३६० सेंमी, त्याला ३.१४ ने भागले की व्यास ११५ सेंमी निघतो. बुडाचा चौकोन ०.८१ चौरस मीटरचा, पण भरलेल्या गोलाचा आडवा छेद १.०३ चौरस मीटरचा. म्हणून नुसते ०.९ × ०.९ × उंची असे गणित केले तर जवळपास सव्वापट चुकते.

स्टार्चचे बसलेले १.५४ घनमीटर भागिले १.०३, म्हणजे उंची १.५ मीटर. वरचे आणि खालचे कोपरे पूर्ण भरत नाहीत, कापडही फुगताना थोडे आत ओढले जाते, म्हणून १० ते १५ सेंमी वाढवून अंगाची उंची १६५ धरा. कॅटलॉगची १२० उंची स्टार्चला का पुरत नव्हती ते इथेच दिसते. आता एक तपासणी: भरलेली उंची बुडाच्या दुपटीच्या, म्हणजे १८० सेंमीच्या आत हवी. आपण आत आहोत, पण फार आत नाही. हाच माल न बसवता भरला तर उंची दोन मीटरच्या वर गेली असती आणि पिशवी उभी राहण्यापेक्षा आडवीच जास्त वेळ राहिली असती.

निर्यातीचा माल असेल तर आणखी एक माप आड येते. २० फुटी कंटेनर आतून सुमारे २३५ सेंमी रुंद असतो आणि दाराची उंची साधारण २२८. दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर ११५ + ११५ = २३०, म्हणजे जेमतेम. पोट १२० चे झाले की दुसरी पिशवी फोर्कलिफ्टने दामटून बसवावी लागते आणि न्हावा शेवाला नाही तर पलीकडच्या बंदरात ती फाटूनच निघते. दोन थर लावायचे तर एका पिशवीची भरलेली उंची ११० च्या आसपास ठेवावी लागते, आणि तेवढ्या उंचीत ९० × ९० च्या गोल पिशवीत स्टार्च फार तर पावणेसातशे किलो बसतो.

इथे बॅफल पिशवी कामी येते. आतल्या चार कोपऱ्यांत एका बाजूपासून शेजारच्या बाजूपर्यंत कापडाचे उभे पडदे शिवलेले असतात, ते बाजू आत ओढून धरतात आणि पिशवी चौकोनी राहते. ११० × ११० ची बॅफल पिशवी तेवढ्याच उंचीत साडेसातशे किलोपर्यंत घेते. कंटेनरमध्ये २० पिशव्या धरल्या तर दीड टनाचा फरक.

पण बॅफल भरायला त्रासदायक असतो हे आधीच लक्षात घ्या. माल मध्ये पडतो आणि पडद्यांच्या भोकांतून कोपऱ्यांत सरकतो. भोके लहान असली की स्टार्च भोकाशीच कमान धरतो, कोपरा रिकामा राहतो आणि पिशवी त्या अंगाला कलते. भोके मोठी, गोल आणि उभ्या ओळीत मागा, कडा गरम पात्याने कापलेल्या हव्यात, नाहीतर धागे मालात येतात. पडदा वर आणि खाली ५ ते १० सेंमी तोकडा ठेवा, म्हणजे शेवटचा माल वरून कोपऱ्यात उतरतो. आणि बॅफल पिशवीत साधा नळीसारखा लायनर (प्लास्टिकची आतली पिशवी) कधीही घालू नका: तो पडद्यांच्या आतल्या बाजूला फुगतो, चारही कोपऱ्यांत नुसती हवा राहते आणि पडद्याचे पैसे वाया जातात. लायनर लागणारच असेल तर पडदे लायनरमध्येच असलेला प्रकार घ्यावा.

तोंड मशिनच्या मापाचे

मशिनच्या फिलिंग हेडचा, म्हणजे पिशवीचे तोंड ज्या नळीवर चढवतात तिचा, बाहेरचा व्यास टेपने स्वतः मोजा, माहितीपुस्तिकेवर जाऊ नका. कुणीतरी कधीतरी ते बदललेले असते. समजा ३० सेंमी आहे. त्याचा परीघ ९४. स्पाउट ३५ सेंमी व्यासाचा घेतला तर त्याचा परीघ ११० आणि दोन्हींतली १६ सेंमीची ढील हेडवरची फुगणारी रबरी कॉलर भरून काढते. स्पाउट ४० चा घेतला तर ३१ सेंमी कापड जास्त होते. कॉलर फुगली तरी त्याच्या चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी म्हणजे धुरळ्याची एक नळी. उलट ३१ चा घेतला तर हातमोजे घातलेला माणूस तो हेडवर चढवताना प्रत्येक पिशवीला अर्धा मिनिट झगडतो आणि शेवटी हातमोजे काढून टाकतो.

ड्रॉइंगवर "स्पाउट ३५" एवढेच लिहू नका. स्पाउटची नळी सपाट पसरून मोजण्याची पद्धतही आहे. ३५ सेंमी सपाट रुंदीची नळी उघडली की व्यास २२ च होतो आणि अख्खा लॉट हेडवर चढत नाही. "व्यास ३५ सेंमी, सपाट रुंदी ५५ सेंमी" असे दोन्ही आकडे लिहा.

लांबी ५० सेंमी. त्यातली २० हेडवर जाते, उरलेली पिळून, दुमडून, नाडीने बांधायला. नाडी स्पाउटलाच शिवलेली असावी. सुटी दिली की अर्ध्या नाड्या जमिनीवर सापडतात.

स्पाउट ज्या वरच्या कापडाला जोडला जातो ते सपाट असेल तर कडेला मोकळी जागा राहणार हे नक्की. माल मध्ये पडून ढीग करतो. स्पाउटच्या कडेपासून गोल पोटाच्या कडेपर्यंत अंतर ५७ वजा १७, म्हणजे ४० सेंमी. स्टार्चचा ढीग ३५ अंशांचा धरला तर तेवढ्या अंतरात तो २८ सेंमी खाली उतरतो. वरचे कापड निमुळते, म्हणजे शंकूसारखे शिवले आणि शंकूची उंची २५ ते ३० ठेवली की कापड ढिगाच्या उतारावर बसते. शिवणकाम थोडे वाढते, दरही थोडा वाढतो. कामाच्या जागी हा खर्च वसूल होतो, कारण सपाट तोंडाच्या पिशवीत कोपरे भरण्यासाठी माणूस बाहेरून काठीने बडवत बसतो.

पूर्ण उघडे तोंड किंवा नुसती झालर असलेला डफल प्रकार दाणेदार, न उडणाऱ्या मालाला चालतो. स्टार्चला नाही.

माल आत जायचा तर हवा बाहेर यायला हवी

एक टन स्टार्च तीन मिनिटांत भरायचा तर तेवढ्या वेळात २ घनमीटर हवा पिशवीतून बाहेर पडली पाहिजे, मिनिटाला ०.६७ घनमीटर. मालाबरोबर येणारी हवा वेगळीच. ही हवा कुठून जाणार हे ड्रॉइंगवर दाखवता आले नाही तर ती शिवणींतून जाईल आणि जाताना स्टार्च घेऊन जाईल.

चांगल्या हेडला दोन नळ्या असतात, आतली मालाची आणि भोवतीची हवेची, डस्ट कलेक्टरला (धूळ ओढून गाळणाऱ्या यंत्राला) जोडलेली. आतली २० सेंमीची आणि बाहेरची ३० ची असेल तर मधल्या कड्यातून हवा सेकंदाला साधारण ०.३ मीटर वेगाने जाते. आतली २५ आणि बाहेरची २७ असेल तर तीच हवा १.४ मीटरने जाते आणि बारीक कण सोबत खेचते. मालाची नळी मोठी केली की भरणी जलद होईल असे वाटून हा उद्योग बऱ्याच ठिकाणी करून बसतात आणि मग फिल्टर रोज तुंबतो.

कलेक्टरची ओढ जास्त ठेवली तर लायनर आत खेचला जातो. हे ओळखायचे कसे? भरणी सुरू होताच पिशवीच्या बाजू फुगण्याऐवजी पोटात गेल्यासारख्या दिसतात, स्पाउटमध्ये डोकावले तर लायनर नळीच्या तोंडाशी फडफडत असतो आणि वजनकाटा अडखळत चढतो. डॅम्पर (ओढ कमी-जास्त करायची झडप) इतकाच उघडा ठेवा की रिकामी फुगवलेली पिशवी फुगलेलीच राहील.

आता लायनर. लायनर पिशवीपेक्षा मोठा हवा, कधीही लहान नको. भार कापडाने घ्यायचा असतो, प्लास्टिकने नव्हे. लायनर तोकडा पडला की सगळे वजन त्याच्यावर येते आणि तो बुडाशी फाटतो. पिशवीचा परीघ ३६०, तर लायनरची सपाट रुंदी १९०, म्हणजे परीघ ३८०. लांबी अशी काढा: अंग १६५, वरच्या कडेपासून स्पाउटपर्यंत ४५, स्पाउट ५०, बुडाच्या कडेपासून मध्यापर्यंत ४५, आणि ढील १५. एकूण ३२० सेंमी. जाडी ८० ते १०० मायक्रॉन. खाली स्पाउट असेल तर त्याची लांबी वेगळी मिळवा. साध्या नळीच्या लायनरला कोपऱ्यांत घड्या पडतात, त्यात माल अडकतो. पिशवीच्या आकाराचा, शंकू आणि स्पाउटसकट कापलेला लायनर महाग पडतो, पण स्टार्चसारख्या मालाला तोच घ्यावा. त्याचा स्पाउट पिशवीच्या स्पाउटपेक्षा १० ते १५ सेंमी लांब ठेवला की बाहेर उलटून हेडवर चढवता येतो. लायनर पिशवीला चार कोपऱ्यांत पट्ट्यांनी बांधलेला हवा, नाहीतर पहिला माल पडताच तो पीळ घेतो.

लायनर असेल तर पिशवीचे कापड लॅमिनेशनचे (प्लास्टिकचा थर चढवलेले) घेऊ नका. हे ऐकून खरेदीवाले बिचकतात, कारण "लॅमिनेटेड म्हणजे चांगले" असे डोक्यात बसलेले असते. पण लायनर आणि कापड यांच्या मधली हवा विणीतून बाहेर गेली तरच लायनर कापडाला जाऊन भिडतो. लॅमिनेशनने ती वाट बंद होते, हवेची गादी तयार होते आणि १००० किलोच्या पिशवीत ९०० बसतात. ओलावा रोखायचे काम लायनर करतोच. बिनलायनरची पिशवी घ्यायची असेल तेव्हा मात्र लॅमिनेशन हवे आणि शिवणीत फिलर दोरही (सुईची भोके बुजवणारा दोर) हवा, नाहीतर सुईच्या प्रत्येक भोकातून पांढरी रेघ दिसते.

लूप, म्हणजे माणसाचा हात जिथे लागतो ती जागा

भरणीतला माणसाचा वेळ बहुतेक चार लूप (पिशवी टांगायचे पट्टीचे फासे) हुकांत अडकवण्यात जातो. उभ्या शिवणीत घेतलेले लूप रिकाम्या पिशवीत आत पडतात. ऑपरेटर एका हाताने कापड बाजूला करतो आणि दुसऱ्याने लूप शोधतो. कोपरा ओलांडून दोन बाजूंच्या कापडांवर शिवलेले क्रॉस-कॉर्नर लूप आपोआप उभे आणि उघडे राहतात. हुकात घालायला सोपे आणि नंतर फोर्कलिफ्टच्या काट्यालाही सोपे. लूपची मोकळी उंची २५ ते ३० सेंमी. रंग कापडापेक्षा वेगळा घ्या, निळा किंवा काळा. पांढऱ्या पिशवीवर पांढरा लूप रात्रपाळीत दिसत नाही.

हुकांमधले अंतर मोजा. हुक पिशवीपेक्षा फार रुंद असतील तर वरचे कापड ताणून सपाट होते आणि शंकू शिवल्याचा उपयोग राहत नाही. फार अरुंद असतील तर तोंड मिटते. पिशवीच्या बाजूएवढे किंवा ५ ते १० सेंमी जास्त, इतकेच ठीक. आणि कागदपत्राची पाकीटपट्टी ऑपरेटरच्या बाजूला येईल अशी शिवून घ्या, म्हणजे पिशवी कोणत्या अंगाने टांगायची हा प्रश्नच उरत नाही.

एकदाच वापरायच्या पिशवीला सुरक्षा-गुणोत्तर (चाचणीत पेललेला भार आणि ठरलेला भार यांचे प्रमाण) ५:१ आणि पुन्हा पुन्हा वापरायच्या पिशवीला ६:१ मागतात. हा आयएसओ २१८९८ चा विषय आहे. भरणी सोपी करायच्या नादात लूपची शिवण किंवा पट्टी परस्पर बदलू नका, बदलली तर चाचणी पुन्हा करून घ्या.

स्टार्चची धूळ स्थिर विजेच्या ठिणगीने पेटू शकत असल्याने आयईसी ६१३४०-४-४ प्रमाणे पिशवीचा प्रकारही ड्रॉइंगवर लिहावा लागतो. ए प्रकार, म्हणजे स्थिर विजेपासून कसलेच संरक्षण नसलेला, इथे चालत नाही. आसपास ज्वलनशील वाफ नसेल तर बी प्रकार सामान्यतः पुरतो, पण त्यात जाड साधा लायनर घातला की तो बी राहत नाही. लायनरही त्याच हिशेबाने निवडावा. सी प्रकार (वीज वाहणाऱ्या धाग्यांचा, अर्थिंगला जोडायचा) घेतला तर अर्थिंगची पट्टी ऑपरेटरच्या बाजूला, स्पाउटजवळ, ठळक खूण करून मागा. मागच्या कोपऱ्यात शिवलेली पट्टी घाईत कुणी जोडत नाही, आणि न जोडलेली सी पिशवी ए पेक्षाही धोकादायक.

पाच पिशव्या भरून बघा

लॉट मागवण्याआधी पाच नमुने भरा. लूप टांगा, स्पाउट चढवा, कॉलर फुगवा, ब्लोअरने २० ते ३० सेकंद हवा द्या आणि चारही कोपऱ्यांत हात फिरवून लायनर कापडाला भिडलाय का पाहा. बूड टेबलाला टेकलेले हवे, पण अंग चुण्या पडण्याइतके ढिले नको. बूड अधांतरी राहिले तर ते अंड्यासारखे भरते आणि पिशवी पॅलेटवर डोलते. अधांतरी पिशवीला कंप देऊनही फायदा नाही, टेबलाचा कंप बुडातूनच मालात जातो.

४०० किलोवर भरणी थांबवून टेबल २० सेकंद चालवा, मग ७५० वर पुन्हा. सगळा माल भरून एकदाच कंप दिला तर खालची हवा वर यायला वाट मिळत नाही. शेवटचे ५० किलो सावकाश सोडा. लूप काढण्याआधी उंची, पोटाचा व्यास आणि चार बाजूंचा ओळंबा मोजून लिहा. पाचही पिशव्या एकाच बाजूला कलत असतील तर हेड मध्यावर नाही किंवा टेबल सपाट नाही, पिशवीला बोल लावू नका. प्रत्येक पिशवी वेगळ्या बाजूला कलत असेल तर लायनरचा पीळ शोधा. तोंडाशी माल आला पण कोपऱ्यात हात दाबला की पोकळ लागते, म्हणजे शंकू कमी पडला किंवा लायनर अडकला. बुडाच्या स्पाउटशी पहिल्याच मिनिटात गळती दिसली तर त्यावरच्या पाकळ्या (स्पाउट झाकणारे कापडाचे तुकडे) नीट न मिटवता नाडी बांधलेली असते. वजन पाकळ्यांनी घ्यायचे, नाडीने नाही.

भरलेल्या पिशव्या २४ तास ठेवा आणि उंची पुन्हा मोजा. ५ सेंमीपेक्षा जास्त खाली आली तर कंपाचा वेळ वाढवा, अंगाची उंची कमी करायची घाई करू नका. माप बदललेच तर ड्रॉइंगला नवा आवृत्ती क्रमांक द्या आणि जुने ड्रॉइंग पुरवठादाराकडून परत मागवा. त्याच्या कटिंग टेबलावर जुना कागद चिकटवलेला असेल तर तिसऱ्या लॉटला पुन्हा १२० उंचीच्या पिशव्या येतात.